चार कोटी सत्तावीस लाख

इंदिरानगर, बेंगळूर
२१ ऑक्टोबर १९९८, पाडवा

चि. क्षमा,

तुझ्या हॉस्टेलच्या वॉर्डनबाई काल तिसऱ्यांदा म्हणाल्या, "ती फोनवर येत नाही म्हणते हो." त्यांच्या आवाजात माझी कीव होती, आणि कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही, म्हणून फोन बंद. आता पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड, तुला अक्षरओळख मीच करून दिली आहे.

आधी मुद्द्याचं. मी तुझ्या बॅगेला हात लावलेला नाही.

शनिवारी तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "आई, माझ्या बॅगेचं कुलूप काढून तू कागद वाचलेस, दुसरं काही असूच शकत नाही." मी चकल्या तळत होते, घाणा जळला तरी मला कळलं नाही. तुझे बाबा गेल्यापासून सोळा वर्षं मी परक्यांना जेवू घालून घर चालवते आहे. या गल्लीत लहानथोर मला सोयराक्का म्हणतात. मेसचे पैसे बुडवून पळालेली पोरंसुद्धा कुठं भेटली तर वाकून नमस्कार करतात. चोर कुणी म्हटलं नव्हतं. ते पोटच्या पोरीनं म्हटलं, दिवाळी दोन दिवसांवर असताना, आणि कपडे भरून यशवंतपूरच्या हॉस्टेलवर निघून गेली.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. तुमच्या सारणी सॉफ्टवेअरनं सहा महिन्यांचा नफा जाहीर केला पंधरा तारखेला, गुरुवारी. आणि मी गुरुराजच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पाटीवर तोच आकडा सोमवारीच लिहून बसले होते. चार कोटी सत्तावीस लाख. शुक्रवारी तुमच्या ऑफिसातलं कुणीतरी झेरॉक्स काढायला तिथं गेलं, तर त्या शहाण्या गुरुराजनं माझ्या आकड्याभोवती लाल खडूनं गोल काढून ठेवलेला. जाहीर होण्याआधी तो आकडा माहीत असलेली माणसं तुमच्या हिशेब खात्यात चारच. त्या चौघांत तू, आणि पाटीवर लिहिणारी तुझी आई. चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलं, यात त्यांचं तरी काय चुकलं.

पण माझा आकडा ताटांतून आलेला आहे. तू मान हलवशील, तरी वाच.

तुमच्या ऑफिसात दुपारचं जेवण माझ्या मेसमधून जातं. रोज सकाळी साडेनऊला रिसेप्शनवरची सौम्या फोन करून किती ताटं ते सांगते आणि मी ते कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या आकड्याखाली. नवं काम आलं की नवी मुलं भरतात, ताटं वाढतात. शनिवारीही ताटं मागवली की काम अंगावर आलेलं आहे. मधेच गोड मागवलं की कुठलं तरी बाहेरचं गिऱ्हाईक खूश झालेलं आहे. सहा महिन्यांचं कॅलेंडर मांडीवर घेऊन बसलं की कंपनीची तब्येत कळते. गेल्या वर्षी एप्रिलात मी म्हटलं निकालानंतर भाव चढेल, चढला. ऑक्टोबरात म्हटलं, पुन्हा चढला. गुरुराजकडे शेअरचे फॉर्म भरायला येणारी, इंग्रजी पेपर काखेत घेऊन फिरणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. निकालाच्या आठवड्यात तो पाटी लावतो. ज्यानं त्यानं नफ्याचा आकडा आणि दुसऱ्या दिवशीचा भाव लिहायचा, जो जवळ येईल त्याला बाकीच्यांनी मसाला डोसा खाऊ घालायचा. एवढाच खेळ. मी स्वतः आजवर एक शेअर घेतलेला नाही, हे तुला ठाऊक आहे.

तेव्हा चौकशीत विचारलं तर हेच सांग. आईनं ताटं मोजली.

चकल्या डब्यात आहेत. मी एकटी किती खाणार?

आई


२४ ऑक्टोबर

चि. क्षमा,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा पैशांच्या कार्डावर एवढी जागा असते आणि तू एकच ओळ लिहिलीस. "ताटांवरून कोटी निघतील, सत्तावीस लाख निघत नाहीत." पोस्टमननं ती वाचली असणार, मला कार्ड देताना हसत होता.

तुझा हा स्वभाव बाबांचा. तेही असंच एका वाक्यात समोरच्याला बसवायचे आणि मग पेपर उघडायचे.

सरी, बरं, तू म्हणतेस तर म्हणतेस. मागच्या पत्रात मी दोनदा बरोबर आले ते लिहिलं आणि तिसऱ्यांदाचं गाळलं. तुला ते आठवत असणार, म्हणून आता लिहिते. या एप्रिलमध्ये माझा अंदाज साफ आपटला होता. फेब्रुवारीपासून ताटं अशी वाढली होती की मी दोन बायका नव्यानं कामाला लावल्या. मी छातीठोकपणे सांगितलं, भाव उडणार. आणि निकाल लागला तर नफा घटलेला, भाव एका दिवसात नव्वद रुपयांनी खाली. का, ते तूच मला नंतर सांगितलंस, हसत हसत. अमेरिकेतलं एक मोठं काम तुटलं होतं, तिथली चौतीस मुलं परत आली होती, आणि त्यांना इथं काम नव्हतं म्हणून ती दुपारी नेमानं जेवायला हजर असायची. बेंचवरची मुलं म्हणतात त्यांना. मी रिकाम्या पोरांची ताटं मोजून कंपनी भरभराटीला आली म्हणून सांगत होते.

तू हसलीस, तेव्हा मीही हसले. मग दुपारी भांडी विसळताना रडले, ते तुला ठाऊक नाही. आपला इस्त्रीवाला विश्वेश्वर, त्यानं माझ्या शब्दावर वीस शेअर घेतले होते. तो मला एक शब्द बोलला नाही. पण पूर्वी माझ्या साड्या घेऊन यायचा तेव्हा उंबऱ्यात बसून अर्धा तास गप्पा मारायचा, तो आता गठ्ठा ठेवतो आणि "बरतीनी अक्का", येतो म्हणून जातो. गुरुराजच्या दुकानात गेले तर बोलणं थांबायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ मला ऐकू जाईल असं म्हणाले, सांबाराच्या डावानं बाजार मोजायला निघाल्या.

क्षमा, मला सातवीतून शाळा सोडावी लागली. उभ्या आयुष्यात कुणी मला "तुमचं काय मत" असं विचारलं नव्हतं. त्या दुकानात विचारत होते. ते गेलं तेव्हा काय गेलं, हे तुला कसं सांगू? तू बी.कॉम. झालीस, तुझं मत दर महिन्याच्या अहवालात छापून जातं.

असो. मी विषय बदलला म्हणशील. मी बॅग उघडलेली नाही.

आई


२७ ऑक्टोबर

चि. क्षमा,

या वेळी तू पूर्ण पान लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं, एकदा सकाळी कणीक मळायच्या आधी आणि दोनदा मळताना, म्हणून कडेला डाग दिसतोय.

म्हणजे सोमवारी, दोन तारखेला, तुला चौकशी करणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडमसमोर लेखी द्यायचं आहे. "कंपनीचा कुठलाही कागद मी कुणाच्या हाती पडू दिलेला नाही." तू लिहितेस, "मी सही करणार, कारण ते खरं आहे." आणि खाली लिहितेस, "आई, मला त्या टेबलावर परत जायचं आहे. मला दुसरं काही नको."

ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुला ते टेबल मिळावं म्हणून तू काय केलंस, ते मी पाहिलेलं आहे. चार वर्षं तू येलहंकाच्या त्या गिरणीत पावत्या लिहिल्यास, जाऊन येऊन रोज तीन तास बसमध्ये. मुलाखतीला माझी मोरपंखी साडी नेसून गेलीस आणि आल्यावर म्हणालीस, "आई, तिथं सगळं जुळतं. शेवटचा पैसासुद्धा जुळेपर्यंत कुणी उठत नाही." लोक सिनेमाबद्दल बोलतात तसं तू ताळेबंदाबद्दल बोलतेस. मला त्यातलं स्वल्प कळतं, पण तुझं तोंड बघत बसायला आवडतं.

तू विचारलंस, दुकानात काय चाललंय? ऐक. पाटीवर भावाच्या खाली मी आठशे लिहिलं होतं. सोमवारी भाव सहाशे चाळीस होता. माझा आकडा बघून गुरुराजनं त्याच्या ब्रोकरला फोन केला, ब्रोकरनं आणखी दहा जणांना. एप्रिलची माझी फजिती सगळे विसरले, कारण या वेळी मी सत्तावीस लाखांपर्यंत सांगत होते आणि एवढं नेमकं बोलणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. गुरुवारी निकाल लागेपर्यंत भाव सातशे पस्तीस झाला. निकाल लागला, नफा जवळजवळ दुप्पट. आणि शुक्रवारी भाव घसरून सहाशे पंचावन्न. दुकानात सगळे खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत होते. मग गुरुराजनंच सांगितलं. ज्यांना घ्यायचं त्यांनी आधीच घेतलं होतं, बातमी पेपरात आली तेव्हा घेणारं कुणी उरलंच नव्हतं, सगळे विकायला उभे. म्हणजे आकडा लाखापर्यंत बरोबर आणि भाव साफ चूक. विश्वेश्वरनं या वेळीही दहा घेतले, सातशे वीसला, एप्रिलचं भरून काढायला.

मी त्याला तोंड दाखवत नाही. साड्या चुरगळलेल्या नेसते आहे.

सोमवारच्या सहीबद्दल मला

(इथं चार ओळी खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.)

जेवतेस ना नीट? हॉस्टेलच्या ऊटाबद्दल तू काही लिहिलं नाहीस म्हणजे वाईटच असणार.

आई


२९ ऑक्टोबर

क्षमा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मी स्वतः यशवंतपूरला येऊन वॉर्डनबाईंच्या हातात देणार आहे आणि तुला न भेटता परत जाणार आहे. दार लावून वाच.

मी तुझ्या बॅगेला हात लावलेला नाही. ते खरं आहे, आणि गेले आठ दिवस मी त्या एका खऱ्याच्या आड उभी आहे.

या ऑक्टोबरात ताटांवरून मला काहीच कळत नव्हतं. जुलैत दोनशे दहा ताटं जायची, सप्टेंबरात एकशे सत्तर. आता चाळीस ताटं कमी झाली म्हणजे मुलं कंपनी सोडून गेली, की सन दोन हजारची तारीख संगणकात बसवायच्या त्या कामासाठी परदेशी गेली? पहिलं असेल तर भाव पडणार, दुसरं असेल तर चढणार. ताट काही बोलत नाही. एप्रिलात वाढली तर आपटलं, आता घटली तर काय समजायचं? पाटी सोमवारी लागणार होती. गुरुराजनं विचारलं होतं, "अक्का, या वेळी लिहिणार ना, की राहू दे?" ते "राहू दे" मला लागलं.

शुक्रवार, नऊ तारीख. तुझा छोटा डबा नेहमीसारखा मेसच्या गाडीतून तीन वाजता परत आला. आपल्याकडे परत जाणारं भांडं रिकामं जात नाही. शेजारणीची वाटी असो की आईचा डबा, चिमूटभर का होईना, काहीतरी घालूनच पाठवायचं. तू पहिलीत असल्यापासून हे पाळतेस आणि नोकरी लागल्यावरही सोडलं नाहीस. कधी दोन बिस्किटं, कधी ऑफिसच्या बागेतलं फूल, कधी कॉफीची साखर पुडीत बांधून. त्या दिवशी साखर होती. पुडी तुमच्या प्रिंटरच्या कागदाची होती, कडेला भोकं असलेल्या. टेबलावरचा रद्दी कागद फाडून तू बांधली होतीस, आजवर शंभरदा बांधली असशील तशी.

मी साखर ओतून घेतली आणि कागद सरळ केला. मला इंग्रजी येत नाही म्हणतात, पण पेपरातल्या शेअरच्या पानानं मला हवं तेवढं शिकवलं आहे. तीस सप्टेंबरला संपलेले सहा महिने. उत्पन्न, खर्च, आणि तळाशी निव्वळ नफा. अर्धा कागद फाटलेला होता, पण ती ओळ शाबूत होती.

तो न वाचता जाळायला हवा होता. जाळला, पण वाचून. दोनदा वाचला आणि मग गॅसवर धरला. संध्याकाळी तू घरी आलीस, दमली होतीस, म्हणालीस, "आई, आज काही विचारू नकोस, डोकं नुसतं आकड्यांनी भरलंय." मी तुला कॉफी दिली आणि काही विचारलं नाही. त्याच वेळी सांगायचं होतं, "अगं, कागद बघून फाडत जा." तू घाबरली असतीस, जीभ चावली असतीस, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. मी गप्प बसले. सोमवारी खडू घेतला.

आधी मी स्वतःला सांगत होते की तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहे. तुझ्याच हातून गेलं हे कळलं तर तू खचशील. ते खोटं आहे. मला बरोबर ठरायचं होतं. शिकल्यासवरल्या माणसांनी सोयराक्काकडे वळून बघावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी तुझी नोकरी त्या पाटीवर लिहिली. नुसतं "चार कोटींच्या वर" लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण हात सत्तावीसपर्यंत गेला. मला माझीच लाज वाटते, क्षमा. तू मला चोर म्हणालीस तेव्हा मी एवढी भडकले, कारण तू फक्त जागा चुकली होतीस.

आता ऐक, कारण सोमवार जवळ आला आहे. "कुठलाही कागद कुणाच्या हाती पडू दिलेला नाही" यावर तू सही करशील, आणि ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे तुला माहीत नव्हतं. म्हणून मी ठरवलं आहे. सोमवारी अकराला मी स्वतः भाग्यलक्ष्मी मॅडमकडे जाणार. सांगणार, पोरगी अंघोळीला गेली असताना मी खुंटीवरची किल्ली घेतली, बॅग उघडली, कागद वाचला. निकालाच्या आठवड्यात कुलूपबंद बॅगेतून कागद घरी न्यायची तुम्हाला मुभा आहेच. तू कुलूप लावलं होतंस, तुझी काही चूक उरत नाही. तू म्हणालीस तेच मी कबूल करते. तू सही कर आणि तुझ्या टेबलावर जा. मेसचं काय, दुसरं ऑफिस मिळेल, लोक कुठंही जेवतातच.

तू फक्त तोंड उघडू नकोस. आयुष्यात एकदा माझं ऐक.

आई


३ नोव्हेंबर

चि. क्षमा,

तू ऐकलं नाहीस.

काल अकराला मी तुमच्या ऑफिसात गेले. सहा वर्षं मी त्या इमारतीत जेवण पाठवते, पण पुढच्या दारानं पहिल्यांदा गेले. सौम्यानं मला ओळखलंच नाही, ती मला आवाजानंच ओळखते. भाग्यलक्ष्मी मॅडमनी खुर्ची दिली. मला वाटलं होतं उंच, करारी बाई असतील. त्या माझ्याएवढ्याच आहेत, आणि खोलीत आल्या आल्या म्हणाल्या की तुमची कोशिंबीर फार चांगली असते. मला रडू यायला लागलं, म्हणून मी घाईनं सगळं सांगून टाकलं. अंघोळ, किल्ली, बॅग. कन्नडात सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. सोयराबाई. अक्षर थोडं तिरकं आलं.

त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, ड्रॉवर उघडला आणि दुसरा एक कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "हे तुमच्या मुलीनं शनिवारी दुपारी स्वतः आणून दिलं."

इंग्रजीत होतं. मी म्हटलं, वाचून सांगा. त्यांनी एकेक ओळ कन्नडात सांगितली. नऊ ऑक्टोबरला परत पाठवायच्या डब्यात साखर बांधण्यासाठी मी टेबलावरचा मसुद्याचा कागद न बघता फाडला. त्यावर सहामाही आकडे होते. हा निष्काळजीपणा माझा आहे आणि त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. आणि मग सगळ्यात खाली, वेगळ्या परिच्छेदात: माझ्या आईनं माझी बॅग कधीही उघडलेली नाही. मी तिच्यावर खोटा आळ घेतला होता.

भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "हे शेवटचं आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, याचा चौकशीशी संबंध नाही, काढून टाक. तिनं नाही काढलं."

मी त्यांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा, इंग्रजीत, जशी तू लिहिली होतीस तशी. मला त्यातलं "मदर" एवढंच कळलं. पदर तोंडाला लावून मी त्यांच्या समोर रडले, क्षमा. त्यांनी पाणी मागवलं आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

नंतर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारलं, "यातला कुठला फाइलला लावू?"

मी म्हटलं, "तिचा. माझा खोटा आहे."

त्यांनी माझा माझ्या हातात दिला. तो मी तिथंच फाडला.

पुढचं त्यांनी मला सांगितलं आणि तुलाही आज कळलं असेल. हिशेब खात्यात तुला एक वर्ष येता येणार नाही. तोवर वरच्या मजल्यावर खरेदीच्या कागदपत्रांवर बसायचं, आणि मग बघू. "बघू" हा शब्द त्यांनी चांगल्या अर्थानं वापरला असं मला वाटलं, पण माझ्या वाटण्यावर आता जाऊ नकोस. माझी मेस नोव्हेंबरअखेर बंद. तेही रास्तच आहे. ज्या बाईनं त्यांचा आकडा चव्हाट्यावर मांडला तिच्या हातचं ते का खातील? इंदिरानगरात रोज नवं ऑफिस उघडतंय. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस.

टेबल गेलं तुझं. ते मात्र मला सोसत नाही. तुला दुसरं काही नको होतं, आणि मी एवढं लिहून पाठवलं होतं तरी तू गप्प बसली नाहीस. कुणावर गेलीस कोण जाणे. माझ्यावर नाही.

घरी येऊन दुपारभर बसून राहिले. तू माझ्यावरचा आळ परक्यांसमोर, कुणी विचारलं नसताना, सही करून पुसलास. आणि मी माझं खोटं कुठं कबूल केलं होतं? तुझ्याजवळ, पाकीट चिकटवून, दार लावून वाच म्हणून. मॅडमसमोर गेले ती तर नवं खोटं घेऊनच गेले. म्हणून आज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला गुरुराजच्या दुकानात गेले.

सगळे होते. ते सांबाराच्या डावाचे म्हातारे गृहस्थही होते, आणि विश्वेश्वर दाराशी उभा होता. मी आत जाऊन म्हटलं, सगळे स्वल्प ऐका. तो आकडा मी ताटांवरून काढलेला नव्हता. चुकून घरी आलेला कागद मी वाचला आणि तुम्हाला माझा हिशेब म्हणून सांगितला. एप्रिलात चुकले होते, पुन्हा चुकायची भीती होती. माझ्या मुलीनं मला काही सांगितलेलं नाही, दाखवलेलं नाही. माझ्या शब्दावर ज्यांनी ज्यांनी घेतले त्यांची मी गुन्हेगार आहे.

 मला वाटलं होतं कुणीतरी बोल लावेल, निदान हसेल. गुरुराज झेरॉक्सच्या मशीनवर हात ठेवून उभा होता. म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत राहिले. मी निघाले तेव्हा विश्वेश्वर मागून रस्त्यावर आला. मी म्हटलं, "अरे, तुझे ते तीस शेअर." तो म्हणाला, "राहू दे अक्का, मीच घेतले होते." आणि मग, माझ्या चुरगळलेल्या साडीकडे बघत, त्यानं विचारलं, "क्षमाक्का घरी कधी येणार?"

जिभेवर आलं होतं, रविवारी येईल. तुझा स्वभाव, हॉस्टेलचं जेवण, पगाराची तारीख, सगळं जुळवून मी लगेच सांगितलं असतं, ठासून. ते मी गिळलं. म्हटलं, "मला माहीत नाही. तिलाच विचारते."

म्हणून विचारते आहे. कधी येतेस?

आई